कोल्हापूरच्या राजारामपुरीतला साठच्या दशकातला, मूळ रूप राखून दुरुस्त केलेला बंगला दोन रात्रींसाठी घेताना काय बघावं? आसपास पायी काय फिरावं?

पैसे भरण्याआधी मालकांकडून तीन फोटो मागा: जमिनीचा, वरच्या मजल्याच्या छताचा आणि खिडकीच्या चौकटीचा जवळून. घर खरंच जपलंय की नुसतं रंगवलंय, ते यातूनच कळतं.

त्या काळातल्या बंगल्याचा जीव म्हणजे मोझॅक. सिमेंटात संगमरवरी खडी मिसळायची आणि वाळल्यावर घासून गुळगुळीत करायची. जागेवरच ओतलेली जमीन असेल तर मधे काचेच्या बारीक पट्ट्या दिसतात, लाद्या असतील तर सांधे दिसतात. पोहोचल्यावर कोपऱ्यात पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. पॉलिश नीट असेल तर थेंब तसाच राहतो. लगेच आत मुरला आणि खडी बोटाला खरखरीत लागली, तर ती जमीन कधीतरी ॲसिडनं धुतलीय. ॲसिड संगमरवर खातं, भोकं उघडी पडतात आणि मग तांबड्या रश्श्याचा एक थेंबसुद्धा कायमचा डाग देतो. जमीन चांगली असली तरी लिंबू-चिंच सांडली की लगेच पुसा, नाहीतर तेवढीच जागा निस्तेज होते.

छतावर पिवळी वर्तुळं किंवा पोपडे दिसले तर स्लॅब गळतोय. गच्चीवरचा कोबा (पाणी अडवणारा सिमेंटचा थर) तडकला किंवा पन्हळीच्या तोंडाशी पाला अडकला की पाणी साचतं, सळईपर्यंत जातं, सळई गंजून फुगते आणि खालचं प्लास्टर सुटतं. पावसाळ्यात येणार असाल तर अशी खोली नको. एप्रिल-मे मध्ये मात्र कोरडा असला तरी स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, तेव्हा तळमजल्याची खोलीच मागा.

लोखंडी खिडक्यांची काच लांबीनं, म्हणजे पुटीनं, बसवलेली असते. लांबी वाळून तडकली की पाऊस आत येतो, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावरून हात फिरवून ओल बघा. आणि वरच्या मजल्यावरच्या शॉवरला धार नसेल तर नळाला दोष देऊ नका, जुन्या टाक्या स्लॅबवरच ठेवलेल्या असतात, उंचीच मिळत नाही. गिझरच्या सॉकेटला अर्थिंग आणि बोर्डात ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, एवढं मात्र आधी फोनवरच विचारा.

आता फिरणं. राजारामपुरी गल्ल्यांच्या नंबरावर चालते, पहिली, दुसरी, तिसरी असं मोजत गेलात तर चुकायला जागा नाही. सकाळी दुकानं उघडण्याआधी, साडेसातच्या आत निघा. मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांत वर बघत चला: सिमेंटच्या जाळ्या, रुंद छज्जे, जिन्याच्या खोलीची उभी काच. जुने बंगले पाडून अपार्टमेंट उभी राहतायत, त्यामुळे जे उरलंय ते बघून घ्या. कुणाच्या घराचा फोटो काढायचा तर फाटकातून हाक मारून विचारा, लोक बहुतेक वेळा हो म्हणतात.

तिथूनच शिवाजी उद्यमनगरात जा आणि फडतरेंची मिसळ खा. इथं मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस मिळतात, कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागून घ्या. दुपारी रिक्षानं शिवाजी विद्यापीठ. 1962 मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ तुमच्या बंगल्याच्याच पिढीतलं, मुख्य इमारत आणि समोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा जरूर बघा. अंबाबाईच्या देवळाला जाताना गाडी नेऊ नका, महाद्वार रोडवर गर्दीत अडकाल. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध प्या.

तारखांचं एक बघा. गणेश चतुर्थीला राजारामपुरीत आगमनाची मिरवणूक निघते, रस्ता बंद असतो आणि आवाज रात्रीपर्यंत असतो. शांतता हवी असेल तर तो दिवस टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी बघूनच निघा, 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता.