इंजिनाची देखभाल सोपी व्हावी म्हणून गाडीला बाहेरचे कोणते पार्ट लावावेत? वॉरंटी जाते का?

प्रश्न वाचला आणि आमचे साडू आठवले. "कंपनीला अक्कल नव्हती म्हणून तिनं साधा नट दिला का?" माझी गाडी दारात दिसली की हे वाक्य ठरलेलं, मग घरात बारसं असो की तेरावं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

एकच पार्ट घ्यायचा असेल तर चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, ऑइल सोडायच्या नटाच्या जागी बसणारा ऑइल ड्रेन व्हॉल्व्ह घ्या. जपानच्या फुमोतोचा प्रसिद्ध आहे. आत साधा बॉल व्हॉल्व्ह असतो. दांडी जरा उचलायची, पाव फेरा द्यायचा, ऑइल खाली. पाना नको, मनगटावर गरम ऑइल नको, दर वेळी नवा वॉशर नको. मी हौसेनं लावला नव्हता. एका सर्व्हिसला तिथल्या पोरानं नट हवेच्या गननं असा आवळला, की पुढच्या वेळी नट उघडताना आटेच सोबत आले. नवे आटे पाडून घेतले आणि ठरवलं, या भोकाला पुन्हा पाना लावू द्यायचा नाही.

साडूंनी तेव्हाच त्याचं नाव ‘तोटी’ ठेवलं. "तोटी आज ना उद्या गळणारच. ऑइल फिल्टर तरी जाणकार माणसाकडून बदला," म्हणून 2018 च्या गणपतीआधी त्यांच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे मला पाठवलं. मीही गेलो. आठवड्याभरानं दोन्ही कुटुंबं एकाच गाडीत कोंबून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनकडे निघालो. निजामपूरच्या अलीकडे डॅशबोर्डवर लाल किटली, म्हणजे ऑइलचं प्रेशर गेल्याची खूण, पेटली. जागच्या जागी इंजिन बंद केलं (हे मात्र कुणीही शिकून घ्यावं, "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" म्हणणाऱ्यांची इंजिनं मी उघडलेली पाहिली आहेत). ऑइलची पातळी बघायची पट्टी, डिपस्टिक, कोरडी ठणठणीत. खाली वाकून पाहिलं तर मागच्या चाकापर्यंत सगळं ऑइलनं माखलेलं.

मागच्या सीटवरून आवाज आला, "गेली तोटी." मी गाडीखाली असतानाच त्यांनी घरी फोन करून तसं कळवूनही टाकलं.

निजामपूरहून एक मेकॅनिक बाइकवर आला. त्यानं आधी सगळं फडक्यानं पुसलं, थोडं ऑइल ओतलं आणि चार सेकंद इंजिन चालू करायला सांगितलं. व्हॉल्व्ह कोरडा. फिल्टरच्या बुडातून पिचकारी. फिल्टर खोलला तर आत दोन रबर रिंगा, एक नवी, एक जुनी. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि जाणकार माणसानं त्यावरच नवा फिल्टर आवळला होता. साडू म्हणाले, "पण तोटी नसती तर..." वाक्य तिथंच राहिलं, आजतागायत पूर्ण झालेलं नाही. घरात मात्र अजून "यांच्या तोटीमुळे गणपतीला उशीर झाला" असंच सांगतात.

म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो, कुणी त्यांना वाचून दाखवलं तरी चालेल. चेंबरमध्ये ऑइल नुसतं साठलेलं असतं, तिथं पंपाचं प्रेशर नसतं. व्हॉल्व्हवर भार येतो तो त्या तीनेक लिटर ऑइलच्या वजनाचा. फिल्टरमधून पंप तेच ऑइल रेटतो, रस्त्यावर तीन-चार बारच्या दाबानं. भीती बाळगायचीच तर कुठली, ते तुम्हीच ठरवा.

बाकीचे पार्ट. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड फोनवर दाखवतो) जरूर घ्या, 2013 नंतरच्या गाड्यांना चालतो. माझ्याकडे पी0171 कोड आला होता, म्हणजे मिश्रणात हवा जास्त. गॅरेजमध्ये सेन्सर बदला म्हणाले, निघाला इंजिनात हवा नेणारा, इनटेकचा चिरलेला रबरी पाइप. फिल्टरला टोपीसारखा बसणारा पाना घ्या, फिल्टर स्वतः काढाल आणि रिंग स्वतःच्या डोळ्यांनी मोजाल. चुंबकवाला ड्रेन नट ठीक आहे, पण तो लोखंडाचाच चुरा धरतो, अॅल्युमिनियमचा नाही. धुऊन पुन्हा वापरायचे, ऑइल लावलेले एअर फिल्टर मला पटत नाहीत. ऑइल जास्त झालं की ते हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरवर जाऊन बसू शकतं. आपल्या धुळीत कागदी फिल्टर लवकर बदलणं बरं.

व्हॉल्व्ह मागवताना आटे मोजून मागवा. होंडाला बहुधा एम 14 बाय 1.5 (म्हणजे 14 मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत 1.5 मिलिमीटर अंतर), टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना एम 12 बाय 1.25. "बसतोय की" म्हणून जबरदस्तीनं फिरवलात तर आटे जातील, वेळ आली तर चेंबरच बदलावा लागेल. व्हॉल्व्हची मान आत थोडी वर राहते, त्यामुळे तळाशी घोटभर जुनं ऑइल उरतं. त्यानं काही बिघडत नाही. काळं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजच्या ड्रममध्ये द्या.

आणि हो, तुमच्या गाडीचा नट थेट जमिनीकडे तोंड करून असेल आणि तोच सगळ्यात खालचा भाग असेल, तर व्हॉल्व्ह लावू नका. इंचभर खाली लोंबतो, एखादा उंच स्पीडब्रेकर पुरे. माझा नट मागच्या बाजूला आडवा आहे म्हणून निभावलं. साडूंचं म्हणणं त्यांच्या स्वतःच्या गाडीपुरतं बरोबर आहे, तिचा नट सरळ खाली आहे. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

वॉरंटीचं विचारलंत. वॉरंटी चालू असेल तर डोंगलपलीकडे काही लावू नका, काउंटरवरच्या माणसाशी तो वाद तुम्ही जिंकणार नाही. त्या दोन रिंगा मात्र मी डॅशबोर्डच्या खणात जपून ठेवल्या आहेत.