बोंबील आवडीने खातात, पण मशीन चालवत नाहीत

प्रश्न : डॉक्टर, मी लालबागहून लिहिते आहे. माझे यजमान टेलर आहेत, वय 51. चाळीखालच्या गाळ्यात दुकान आहे, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दिवाळीनंतर त्यांचं काम हळूहळू सुटलं. सकाळी मशीनसमोर जाऊन बसतात ते बसूनच राहतात. कटिंग केलेले ब्लाउज तसेच पडलेत, गिऱ्हाइकं परत जातात. भजनाला जाणं बंद झालंय, आंघोळीलासुद्धा दहा वेळा सांगावं लागतं. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. पण बोंबील तळून ताट पुढ्यात ठेवलं की नीट जेवतात, परवा दोन मागून घेतले. त्यावरून दीर म्हणतात, ‘जिभेला चव कळते ना? मग आजार कसला, नाटकं आहेत.’ मुलगा मोबाइलवर बघून सांगतो की बाबांचं डोपामिन संपलंय, टीव्ही-मोबाइल बंद केला की भरून येईल. हा आळस आहे की आजार? मी काय करू?
— एक वाचक

उत्तर : ताई, बोंबलांचं लिहिलंत ते फार बरं केलंत. दिरांना ज्यावरून नाटक वाटतं, त्यावरूनच मला मास्तरांची अडचण कळते. पत्रावरून निदान होत नाही, त्यांना तपासावंच लागेल. पण तुमचं वर्णन नैराश्याचं आहे. आळशी माणूस पहाटे तीनला उठून आढ्याकडे बघत पडत नाही.

एखादी गोष्ट आवडणं आणि तिच्यासाठी उठावंसं वाटणं, हे आपल्याला एकच वाटतं. मेंदूत मात्र ही दोन निराळी कामं आहेत. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी उंदरांवर केलेले प्रयोग मी नातेवाइकांना नेहमी सांगते. डोपामिन हे मेंदूतल्या पेशींचं निरोप पोचवणारं एक रसायन. ते जवळजवळ नाहीसं केलं की ते उंदीर अन्नाकडे जाईनासे होतात. पुढ्यात अन्न असून उपाशी मरतील, म्हणून त्यांना नळीने भरवावं लागतं. पण त्याच उंदरांच्या तोंडात साखरपाणी सोडलं, की ते धडधाकट उंदरांसारखेच ओठ चाटतात. गोडी कळते, ओढ गेलेली असते.

माणसाच्या नैराश्यात डोपामिन असं संपत नाही, आणि काहींची चवही खरोखर जाते. पण गोड पाणी चाखायला देऊन केलेल्या चाचण्यांत नैराश्यातल्या लोकांनी गोडी बरीचशी इतरांसारखीच सांगितली आहे. तेव्हा दिरांना सांगा, बोंबील चवीने खाणं आणि आजारी असणं एकाच माणसाला शक्य आहे.

फरक पडतो तो कष्टाच्या हिशेबात. अमेरिकेतल्या मायकेल ट्रेडवे आणि डेव्हिड झाल्ड यांनी 2009 साली एक साधी चाचणी मांडली. सोपं काम घेतलंत तर तर्जनीने 7 सेकंदांत 30 वेळा बटण दाबायचं, पैसे कमी. अवघड घेतलंत तर डाव्या हाताच्या करंगळीने 21 सेकंदांत 100 वेळा, पैसे जास्त. (डावखुऱ्याला उजवी करंगळी.) नंतर 2012 मध्ये हीच चाचणी नैराश्याच्या रुग्णांना दिली, तेव्हा त्यांनी अवघड काम इतरांपेक्षा कमी वेळा निवडलं. पैसे त्यांनाही कळत होते, पण तेवढ्यासाठी तेवढे कष्ट परवडतात, असा कौल आतून येत नव्हता. मास्तरांच्या पायाला पेडल जड झालंय ते असं. त्यांनी ठरवून केलेलं नाही.

हे मलाही उशिरा कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी ओपीडीत एक टॅक्सीवाले काका आले होते. मी त्यांना म्हटलं, ‘सकाळी फिरायला जात जा, मन रमवा.’ ते म्हणाले, ‘बाई, चपलेपर्यंत पाय जात नाही, तुम्ही फिरायला कुठे पाठवता?’ मी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा नंबर बोलावला. ते परत आले नाहीत. चपलेपर्यंतचं अंतर मी तेव्हा मोजलंच नव्हतं, याची रुखरुख अजून आहे.

मुलाला रागावू नका, तो बापासाठी धडपडतोय. फक्त त्याला सांगा, डोपामिन म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, की नळ बंद ठेवला आणि भरली. मेंदूतलं डोपामिन रक्त तपासून मोजताही येत नाही. ते काय करतं, हे मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं. अचानक रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात बोलतात. दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकड शिकलं, की त्या दिव्यालाच बोलू लागतात. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी गप्प होतात. म्हणजे अंदाज आणि पदरात पडलेलं, यातल्या फरकाची ती नोंद असते. त्या नोंदीतून पुढच्या खेपेला उठायचं की नाही, हे मेंदू शिकतो. नैराश्यात बक्षिसाला मेंदूतून मिळणारा हा प्रतिसाद सरासरीने मंद दिसतो. चांगलं घडतं, पण त्याची नोंद पुसट होते. संध्याकाळी टीव्ही बघून मास्तर हसत असतील तर तो बंद करू नका. रात्री झोपेच्या वेळी तेवढा बंद ठेवा.

आता काय करायचं ते. उंदरांवरचा आणखी एक प्रयोग मला त्यासाठी मोलाचा वाटतो, अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठाच्या जॉन सॅलमोन यांचा. वाटेत अडथळा ठेवला, तर डोपामिन कमी केलेला उंदीर पलीकडचं जास्त खाणं सोडून अलीकडच्या थोड्यावर भागवतो. अडथळा काढला, की पुन्हा जास्तीचंच निवडतो. तुम्ही अडथळा काढा. रात्रीच बॉबिन भरून, सुई ओवून, मशीनवर एकच ब्लाउज ठेवा. बाकीचा ढीग कपाटात, नजरेआड. काम एकच : एक हूक लावायचा. वेळ घड्याळाने ठरवा, सकाळी दहा. ‘बरं वाटलं की बसा’ म्हणू नका, कारण आधी बरं वाटणं हेच तर त्यांना जमत नाहीये.

त्यांची मापाची वही आहे ना, तिच्या मागच्या पानावर काम करण्याआधी त्यांना आकडा लिहू द्या : यातून मला किती बरं वाटेल, दहापैकी. झाल्यावर खरंच किती वाटलं, तो दुसरा. बहुतेक जण आधी एक लिहितात आणि नंतर तीन. पुसट झालेली नोंद अशी शाईने उतरते. एखाद्या दिवशी दुसरा आकडाही एकच आला तर समजूत घालत बसू नका, तो तसाच राहू दे. ‘शाब्बास’ही नको. पन्नाशीच्या कारागिराच्या ते मनाला लागतं.

या पद्धतीला मोठा आधार जवळच्याच गोव्यात मिळाला. मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींत हेच करून घेतलं. 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला : तीन महिन्यांनी नैराश्य ओसरलेले 64 टक्के, आणि नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 39 टक्के. यातले रुग्ण बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र नैराश्याचे होते.

पण घरचे उपाय हे डॉक्टरऐवजी नाहीत. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासून घ्या, त्यांच्या कमतरतेतही माणूस असा गळून जातो. गोळ्या सुरू झाल्या तर फरक दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. नेहमीच्या बऱ्याच गोळ्या सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनावर काम करतात. कधी रडू थांबतं, झोप येते, आणि उठावंसं वाटणं तेवढं मागे राहतं. तसं झालं तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, औषध बदलता येतं. मनाने बंद करू नका.

आणि एक प्रश्न त्यांना सरळ विचारा : ‘जगू नये असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. होय म्हणाले, तर एकटं ठेवू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. रात्री-अपरात्री 14416 वर फोन करा, सरकारची टेली-मानस सेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

केईएम तुमच्यापासून जवळ आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. दीर तयार झाले तर त्यांनाही बरोबर न्या. केसपेपरच्या रांगेत तुम्ही किंवा मुलाने उभं राहा, मास्तरांना बाकावर बसू दे. मापाची वही पिशवीत घ्यायला विसरू नका.