0.37 केल्व्हिनला मॅग्नेशियमचे अणू एकत्र येतात कसे?

‘एवढ्या थंडीत हालचालच थांबते, मग हेलियमच्या थेंबात धातूचे अणू एकमेकांना सापडतात कसे?’ असं तुम्ही विचारलंय. जर्मनीत पीएचडी करताना गटातल्या एका वरिष्ठाने हेच मला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

हालचाल थांबत नाही. हेलियमचा नॅनोथेंब (काही हजार अणूंचा सूक्ष्म थेंब) 0.37 केल्व्हिनला, म्हणजे जवळजवळ उणे 273 अंश सेल्सिअसला असतो, पण अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा. आत शिरलेल्या अणूला अडवणारं फारसं काही नसतं. दोन अणू ओढीने जवळ येतात, बंध जुळताना सुटलेली उष्णता हेलियमच्या बाष्पीभवनात जाते. उष्णतेच्या एका इलेक्ट्रॉनव्होल्टला (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) हेलियमचे साधारण 1600 अणू उडून जातात. थेंब लहान होतो, तापमान परत तिथेच.

आम्हाला मास स्पेक्ट्रोमीटरवर (वस्तुमानानुसार कण वेगळे दाखवणारं यंत्र) 24ला, म्हणजे मॅग्नेशियमच्या अणूच्या वस्तुमानाला, शिखर दिसलं. वरिष्ठ म्हणाले, हे हेलियमच. शंका रास्त होती. हेलियमच्या अणूचं वस्तुमान चार, म्हणून त्याच्या पुंजक्यांच्या शिखरांची शिडी चार-चारने चढते आणि सहा चोक चोवीस. पण त्यांचा उपाय होता, थेंब ज्या मॅग्नेशियमच्या वाफेतून जातात ती करणारा ओव्हन आणखी तापवायचा! तापवला, तसा सिग्नल खालीच येत गेला. आत इतके अणू शिरत होते की त्यांच्या उष्णतेने अख्खा थेंबच संपायचा. समोरच्या काचेवर मॅग्नेशियमचा आरसा चढला, तरी ते ऐकेनात.

एका रात्री मी ओव्हनचं तापमान उतरवलं आणि थेंब मोठे व्हावेत म्हणून हेलियम ज्यातून सुटतं ते नॉझल आणखी थंड केलं. हेलियमची शिडी जिथे येत नाही अशा 25 आणि 26कडे 24 सोडून बघितलं. मॅग्नेशियमचे 24, 25 आणि 26 वस्तुमानाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) अनुक्रमे 79, 10 आणि 11 टक्के असतात. 25 आणि 26ला जवळजवळ सारख्या उंचीची दोन बारकी शिखरं उभी होती! ओव्हनचं शटर (वाफ अडवणारं झाकण) लावलं की दोन्ही गायब, उघडलं की हजर. हेलियमची शिडी जागच्या जागी.

म्हणून सांगते, सिग्नल नाही म्हणून ओव्हन तापवत सुटू नका. वरिष्ठ म्हणाले तरी नाही. आधी थेंबाचा आकार बघा.

दोन गोष्टी राहिल्या. यंत्रात पाण्याची वाफ असेल तर 25ला हायड्रोजन चिकटलेलं हेलियमही येतं, त्यामुळे एकट्या 25वर भिस्त नको. आणि मॅग्नेशियमच्या बाबतीत तुमची शंका अगदीच चूक नाही: जर्मनीतल्या रोस्टॉकच्या संशोधक गटाने 2008मध्ये दाखवलं की थेंबात त्याचे अणू लगेच न जुळता सुमारे एक नॅनोमीटर अंतर राखून फेसासारखे राहू शकतात, मध्ये हेलियम. सोडियम-पोटॅशियमचे अणू तर आत न बुडता पृष्ठभागावरच बसतात.

तुमच्याकडे थेंबांचा झोत चालू असेल तर शटर हातात ठेवून 26 आधी बघा.