वीस डॉलरच्या दोनशे पिशव्या

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. न्यू जर्सीतलं साड्यांचं दुकान आता वेबसाइटवरही न्यायचं म्हणतेस, छान आहे. पण शेवटी सहज लिहिल्यासारखी एक ओळ आहे, 'सेल्स टॅक्स तर गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो, मला काय त्याचं?' हे पत्र त्या ओळीसाठी. इथल्या छोट्या दुकानांचे हिशेब लिहिण्यात माझा जन्म गेला, आणि हे वाक्य मी फार जणांच्या तोंडून ऐकलंय.

दुकानात तुला सोपं आहे. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही, म्हणून साडीवर शून्य. पर्स आणि कानातल्यांवर ६.६२५ टक्के. तोंडपाठ. वेबसाइटवर मात्र माल ज्या पत्त्यावर जाणार, कर सहसा तिथला. राज्यं, काउंट्या (म्हणजे जिल्हे), शहरं अशी कर लावणारी ठिकाणं या देशात १०,००० हून जास्त आहेत. कॅलिफोर्नियात साडीलाही कर, पेनसिल्व्हेनियात नाही. न्यूयॉर्कमध्ये ११० डॉलरच्या आतल्या कपड्याला राज्याचा कर नाही, वरच्याला आहे. म्हणजे सुती साडी सुटते आणि पैठणी सापडते.

हे असं कायम नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या 'क्विल' निकालानुसार, ज्या राज्यात तुझं दुकान, गोदाम किंवा माणूस नाही, त्या राज्यासाठी कर गोळा करायची सक्ती तुझ्यावर नव्हती. कर माफ नव्हता बरं का. तो 'यूज टॅक्स', म्हणजे वापरावरचा कर, म्हणून गिऱ्हाइकानं आपणहून भरायचा होता. कोण भरतंय! गावातले दुकानदार यावर चिडायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं. लोक दुकानात येऊन बूट पायात घालून बघायचे, माप कळलं की घरी जाऊन तेच बूट नेटवर बिनकराचे मागवायचे.

शेवटी साउथ डकोटा या राज्यानं बाहेरच्या विक्रेत्यांनाही कर गोळा करायला लावणारा कायदा केला आणि ते कोर्टात उभं राहिलं. त्या राज्यात प्राप्तिकर नाही, विक्रीकर हाच मोठा आधार. २१ जून २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं वेफेअर या ऑनलाइन फर्निचर कंपनीच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी क्विल मोडीत काढला. म्हणजे तुझं तिथे दुकान नसलं तरी ते राज्य तुला कर गोळा करायला लावू शकतं. आता गंमत बघ. लढाई गावातल्या दुकानदाराच्या नावानं झाली; पण तोच दुकानदार वेबसाइट उघडतो तेव्हा बाकीच्या राज्यांच्या लेखी परगावचा विक्रेता ठरतो. आणि ज्या अॅमेझॉनला वेसण घालायची म्हणून सगळे हिरिरीनं बोलत होते, ती आपल्या स्वतःच्या मालावर २०१७ पासूनच विक्रीकर असलेल्या सगळ्या राज्यांत कर घेत होती. निकालाचा चटका मधल्या, लहान विक्रेत्यांना बसला. मला अजूनही वाटतं की निकाल न्यायाचा होता, ओझं मात्र चुकीच्या खांद्यावर गेलं.

सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विरोधी मतात दिलेली उदाहरणं तुला आवडतील. इलिनॉयमध्ये ट्विक्स हे चॉकलेट खाद्यपदार्थ ठरतं, कारण त्यात पीठ आहे. दुकानात त्याच्याच शेजारी असणारं स्निकर्स मात्र गोळ्या-चॉकलेटांत मोडतं, म्हणून कर वेगळा. आणि तुझ्याच न्यू जर्सीत स्वेटरसाठी घेतलेल्या लोकरीला कर नाही, कलाकुसरीसाठी घेतली तर आहे. आता लोकर विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला काय विचारायचं, 'बाई, विणणार काय आहात?'

आता तुझ्या कामाचं. विक्रीकर असलेल्या प्रत्येक राज्याची बाहेरच्या विक्रेत्यांसाठी एक मर्यादा असते, ती ओलांडली की तिथे नोंदणी करावी लागते. साउथ डकोटाच्या मूळ कायद्यात ती वर्षाला १,००,००० डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार अशी होती. बऱ्याच राज्यांनी तीच उचलली. कॅलिफोर्निया, टेक्सासमध्ये ती ५,००,००० डॉलर आहे. लाखाला तू लगेच पोचणार नाहीस. भीती त्या २०० ची आहे. साउथ डकोटानं ती अट २०२३ मध्ये काढली, पण सगळ्यांनी काढलेली नाही. तुझ्या त्या वीस डॉलरच्या भरतकामाच्या पिशव्या अशा एखाद्या राज्यात एकेक करून २०० गेल्या तर विक्री झाली ४,००० डॉलर, आणि तेवढ्यावर त्या राज्याचं रिटर्न वेळच्या वेळी भरणं आलं. एखाद्या मुदतीत काही विकलं नाही तरी शून्याचं रिटर्न.

घाबरून सगळीकडे नोंदणी करू नकोस. आणि नोंदणीशिवाय कुणाकडून कर घेऊ तर मुळीच नकोस. जिथे मर्यादा जवळ आली असेल तिथेच हात घाल. २४ राज्यांनी 'स्ट्रीमलाइन्ड' नावाचा करार केलाय, त्यांत एकाच अर्जावर नोंदणी होते.

मार्केटप्लेसवर, म्हणजे अॅमेझॉनसारख्या दुसऱ्याच्या बाजारपेठेत, विकलंस तर कर तेच गोळा करून भरतात. निम्मी डोकेदुखी गेली. पण त्यांचं कमिशन बसतं, आणि गिऱ्हाईक त्यांचं होतं, तुझं राहत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी निव्वळ या कटकटीपायी स्वतःची वेबसाइट बंद केली. तू पिशव्या तिकडे ठेव, साड्या आपल्याकडे. पैठणी घेणारी बाई चार प्रश्न विचारते, तिच्याशी तूच बोलायला हवंस.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. गोळा केलेला कर वेगळ्या खात्यात टाक, त्याच दिवशी. तो सरकारचा पैसा आहे, तुझ्याकडे ठेव म्हणून आहे. एका दुकानदारानं मंदीच्या दोन महिन्यांत त्यातून भाडं भरलं, 'पुढच्या महिन्यात घालतो परत' म्हणत. कंपनी बुडाल्यावरही ते देणं त्याच्या मागे घरापर्यंत आलं. आणि हो, कार्डाची फी करासकट रकमेवर कापली जाते. म्हणजे सरकारचा पैसा गोळा करण्याचा खर्चही तुझाच. तो किमतीत धरला आहेस का? तुझ्या तक्त्यात मला दिसला नाही.

रविवारपर्यंत गेल्या बारा महिन्यांत तू कुरिअरनं पाठवलेला माल राज्यवार काढून ठेव. नुसती रक्कम नको, व्यवहारांची संख्याही हवी. मी फोन करतो.

तुझा,
काका