वाचकांचे प्रश्न : झेंडा सत्याग्रहात सरकार नमले होते का?

प्रश्न : १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात सरकारने राष्ट्रीय झेंड्यावर घातलेली बंदी शेवटी उठवली, असे आम्ही शाळेत शिकलो. हे खरे आहे काय? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : अर्धेच खरे आहे. चरख्याचा तो झेंडा घरावर लावण्यास किंवा शहरात मिरवण्यास सरसकट मनाई नव्हती. वाद होता तो सिव्हिल लाइन्सचा. गोरे अधिकारी राहत असलेल्या त्या वस्तीतून झेंडा घेऊन जाणारी मिरवणूक १३ एप्रिल रोजी पोलिसांनी अडवली, आणि १ मेपासून सत्याग्रह सुरू झाल्यावर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली तेथे मिरवणुकांना मनाई झाली. हे कलम तात्पुरत्या अशांततेसाठी असे आणि त्याखालील आदेश एरवी दोन महिन्यांपुरताच चाले. तरीही सरकारने तो ऑगस्टपर्यंत लांबवला, यावरूनच त्याला दंग्याच्या भीतीपेक्षा आपल्या इभ्रतीची काळजी अधिक होती, असे आमचे मत आहे.

रोज स्वयंसेवकांची तुकडी निघे आणि सिव्हिल लाइन्सच्या तोंडाशी पकडली जाई. अटकेत पडलेल्यांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. त्यांत विनोबा भावेही होते. सत्याग्रहाचे नेते जमनालाल बजाज यांना जूनमध्ये पकडून अठरा महिन्यांची शिक्षा आणि तीन हजार रुपयांचा दंड करण्यात आला. दंडवसुलीसाठी जप्त केलेली त्यांची मोटार घेण्यास नागपुरात कोणी पुढे आले नाही, तेव्हा सरकारला ती विक्रीसाठी काठियावाडात पाठवावी लागली. (नागपूरकरांनी एवढ्या एकमताने दुसरे काही केल्याचे क्वचितच ऐकिवात येते.)

बजाज तुरुंगात गेल्यावर सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. ऑगस्टमध्ये ते आणि त्यांचे थोरले बंधू विठ्ठलभाई मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना भेटले. १७ ऑगस्टला आदेशाची मुदत संपली, सरकारने तो पुन्हा काढला नाही आणि दुसऱ्याच दिवशी झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून विनाअडथळा गेली. आपण झेंडा नेण्याचा हक्क मिळवला, असे काँग्रेसने जाहीर केले. उलट चळवळीच्या पुढाऱ्यांनीच पडते घेतले, असे सरकार दाखवत राहिले. आदेश औपचारिकपणे मागे घेतलेला नव्हता, ही सरकारच्या बाजूची गोष्ट मान्य केली, तरी कैद्यांना पुढे शिक्षा संपण्याआधीच सोडून देण्यात आले, याचे समाधानकारक स्पष्टीकरण सरकारच्या म्हणण्यातून मिळत नाही.