धाकटा भाऊ नागपुरात नीटची तयारी करतो, महिनाभर उदास आहे. अश्वगंधा-ब्राह्मीने बरा होईल का?

नुसत्या चूर्णावर विसंबू नका. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, त्यात झोप-भूक बिघडलेली, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी मराठीतही फुकट बोलता येतं. आयुर्वेद जोडीला घ्या, पण सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद रुग्णालयात दाखवून. दुकानातून डबा उचलू नका: अश्वगंधेने थायरॉइडची पातळी वाढू शकते, झोपेच्या गोळ्यांची गुंगीही. चरकाने मनाच्या आजारावर सत्त्वावजय सांगितलाय, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरणं. आजच्या समुपदेशनाच्या जवळचंच. माझ्या मते खरा जोर दिनचर्येवर हवा. रात्री दोनपर्यंत टेस्ट सिरीज आणि उठल्यावर नुसते तर्री पोहे, हे आधी मोडा (तर्री सोडा म्हणत नाही!). वेळेवर झोप, सकाळी फुटाळा तलावावर चक्कर. चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. मरणाची भाषा काढली तर एकटं सोडू नका, तडक दवाखान्यात न्या.