राहुल बजाज खासदार होते का हो?

प्रश्न : मी सात रस्त्याला रिक्षा चालवतो. स्टँडवर परवा जोरदार वाद झाला, एकजण म्हणतो बजाज ऑटोचे राहुल बजाज कधी खासदार नव्हतेच, दुसरा म्हणतो होते पण राष्ट्रपतींनी नेमलेले, लता मंगेशकरांसारखे. शंभराची पैज लागलीय, खरं काय ते सांगा की.
- एक रिक्षावाला, सोलापूर

उत्तर : दोघंही हरले, शंभराचा चहा पिऊन टाका सगळे मिळून. बजाजसाहेब 2006 ते 2010 राज्यसभेत होते, पण नेमलेले नाही, चक्क निवडून आलेले आणि तेही अपक्ष.

झालं असं, मे 2006 मध्ये भाजपचे प्रमोद महाजन गेले, त्यांची राज्यसभेची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली. राज्यसभेला आपलं मत नसतं, आमदार मत देतात, आणि खरी गंमत इथंच आहे, कारण राज्यात तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार, काँग्रेसचे उमेदवार अविनाश पांडे, आणि राष्ट्रवादी मात्र भाजप-शिवसेनेसोबत बजाजांच्या पाठीशी! पांडे पडले. पोटनिवडणुकीत आलेल्याला आधीच्याची उरलेली मुदतच मिळते, म्हणून सहाऐवजी चारच वर्षं. आणि अपक्ष निवडून आलेला नंतर कुठल्या पक्षात शिरला तर पक्षांतरबंदीत खासदारकी जाते बरं का.

घरात दिल्ली नवी नव्हती. वडील कमलनयन बजाज वर्ध्याचे खासदार होते, आजोबा जमनालाल तर गांधीजींच्या अगदी जवळचे. राहुल बजाज स्वतः हार्वर्डचे एमबीए, 1968 ला बजाज ऑटो हातात घेतली, आणि एवढा मोठा माणूस राहायला कुठं तर आकुर्डीला, कारखान्याच्याच आवारात. त्यांच्या चेतक स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, कारण गाड्या किती काढायच्या ते लायसन्सवर सरकार ठरवायचं, गिऱ्हाईक कितीका उभं असेना. हे सगळं त्यांना पटायचं नाही आणि ते उघड बोलायचे.

मला विचाराल तर खासदारकीनं त्यांच्यात काय फरक पडला नाही, त्यांना बोलायला सभागृह लागतच नव्हतं. 1993 ला विदेशी कंपन्या येताना देशी उद्योगालाही बरोबरीची संधी द्या म्हणणाऱ्या उद्योगपतींच्या गटाचा, 'बॉम्बे क्लब'चा, चेहरा तेच. आणि खासदारकी संपून नऊ वर्षं झाल्यावर, नोव्हेंबर 2019 ला, मुंबईच्या एका कार्यक्रमात स्टेजवर अमित शहा बसलेले असताना उठून म्हणाले, उद्योगपती सरकारवर टीका करायला घाबरतात. शहांनी तिथंच उत्तर दिलं की कुणी घाबरायची गरज नाही.